ठिपक्यावरची नजर

दुपारचं जेवण उरकलं की मावशी खिडकीपाशी बसायची. मांडीवर उशी, उशीवर फोन, आणि फोनच्या नकाशात कुणाची तरी गाडी. गाडी म्हणजे एक इवलासा ठिपका. तो रस्त्याने सरकायचा आणि मावशी त्याच्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी बघत राहायची. मध्येच कुणी बोलायला आलं तर नुसता हात वर करायची. थांबा म्हणजे थांबा. ठिपका पोचेपर्यंत मावशी कुणाची नाही.

खरी मावशी ती एकट्या ठकीची. ठकी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून मावशीकडे राहायला आली आणि राहिली ती राहिलीच. शिकून फिजिओथेरपिस्ट झाली. कुणाचा खुबा बदललेला, कुणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं, कुणाचा खांदा आखडलेला, असल्या लोकांच्या घरी जाऊन ती त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत या घरातून त्या घरात, आणि प्रत्येक वेळी फोनवरून बोलावलेली नवी गाडी, नवा ड्रायव्हर. ठकीला त्याचं काही वाटत नसे. मावशीला वाटे. म्हणून ठकी गाडीत बसली की प्रवासाची लिंक मावशीला पाठवायची, आणि मावशी घरबसल्या तिच्याबरोबर गावभर हिंडायची.

मावशीने सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. कानाला हेडफोन, समोर बटणं, आणि दिवसभर न दिसणारी माणसं. आवाजावरून ती सांगायची, की हा रडायच्या बेतात आहे, ही खोटं बोलतेय, आणि या साहेबांना आज घरी बोलणी बसलेली आहेत. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच, तर ‘लाइन बिझी होती’ म्हणून त्याला वाटेला लावायची. पुढे इस्पितळाने बोर्ड काढून टाकला आणि ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा’ म्हणणारं यंत्र बसवलं. निरोपसमारंभात मावशीला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिने कधी भिंतीवर लावलं नाही. माणसाला खुर्चीतून उठवायचं आणि वर वेळ बघायला घड्याळ द्यायचं, ही कुठली रीत, असं तिचं म्हणणं. चूक नव्हतं ते.

तर अशी ही बाई रिकामी बसलेली, आणि ठकीचे ठिपके तिच्या हाती आले. तिला पुन्हा बोर्ड मिळाला.

ही बातमी जिन्यावरून पसरायला कितीसा वेळ लागणार? तळमजल्यावर शाळेतल्या बाई राहायच्या. त्यांची मुलगी दुपारी पोहण्याच्या सरावाला एकटी जायची, आणि बाई तेव्हा वर्गात. वर्गात फोन न्यायची परवानगी नाही. त्यांनी विचारलं, “मावशी, आमच्या पोरीचं पण बघाल का?” वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दोन दवाखाने सांभाळत. त्यांना सगळी इमारत दातवाली म्हणायची, तोंडावरसुद्धा. तिनेही आपला ठिपका मावशीच्या पदरात टाकला आणि वर मावशीचं नाव ‘कंट्रोल रूम’ ठेवून मोकळी झाली. मावशीने नाक मुरडलं. पण त्या दिवसापासून फोन उचलताना तिचा आवाज अर्ध्या पट्टीने वर गेला, हे ठकीच्या लक्षात आलं होतं.

नुसते ठिपके सांभाळून मावशी थांबली असती तर ती मावशी कसली? ती गाडीत बसायला शिकवायची. तेही बोर्डाच्या शिस्तीने.

“आधी आपलं नाव सांगायचं नाही,” ती पोहणाऱ्या पोरीला म्हणायची. “बोर्डावर आम्ही कधी विचारलं नाही, की तुम्ही अमुक का म्हणून. समोरच्याने सांगायचं. ड्रायव्हरला विचार, कुणाला न्यायला आलात? त्याने तुझं नाव घेतलं, तर मग पाटीवरचा नंबर फोनशी ताडून बघ. आणि गाडी निघायच्या आधी त्याने तुझ्या फोनवर आलेले चार आकडे मागितले पाहिजेत. नाही मागितले तर सरळ उतर.”

“आणि तो रागावला तर?”

“रागावू दे की. त्याच्याशी काय सोयरीक करायचीय?”

मागे बसायचं, ड्रायव्हरच्या पाठीमागे नाही, दुसऱ्या बाजूला, म्हणजे त्याचे हात दिसतात. बसल्याबसल्या दार आतून उघडतंय ना ते बघायचं. घरात कोण असतं, कधी येतं, कितव्या मजल्यावर राहतो, असल्या चौकशांना तोंडात मिठाची गुळणी धरायची. रस्ता बदलला तर मनात कुढत बसायचं नाही, लगेच विचारायचं. आणि विचारायचं ते मोठ्याने, फोन कानाला लावून. “आपण कुठे आहोत ते दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक आहे, हे ड्रायव्हरला ऐकू गेलं पाहिजे. नव्वद टक्के काम तिथेच होतं,” मावशी सांगायची. हे नव्वद टक्के तिने कुठून काढले देव जाणे. पण आकडा सांगितला की पोरी ऐकतात, हे तिला ठाऊक होतं.

दातवाली हसायची. “मावशी, तुम्ही स्वतः कधी बसता का हो गाडीत?”

“मला कुठे जायचंय?” मावशी म्हणायची. आणि ते खरंच होतं. भाजीला चालत, बँकेत चालत, आणि लांब कुठे जायचं तर ठकीबरोबर.

आता यातली मेख सांगतो. मावशीला ठिपके दिसत नव्हते.

एकदम नाही झालं तसं. आधी नकाशावरच्या बारक्या गल्ल्या पुसट झाल्या. मग ठिपका आणि त्याच्याभोवतालचा रस्ता एकमेकांत मिसळायला लागले. मावशी रुमालाने फोनची काच पुसायची, पुन्हा पुसायची, चष्मा धुवायची, फोन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शेवटी एक दिवस तिला कळून चुकलं, की काच स्वच्छ आहे. मळलंय ते दुसरंच काहीतरी.

तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? पण मावशी एकदा खुर्चीतून उठवली गेली होती. डोळे गेले हे कळलं की पोरी ठिपके दुसऱ्या कुणाला देणार, आणि आपण खिडकीत बसून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर बघायची, हे तिला लख्ख दिसत होतं. तेवढं मात्र दिसत होतं. म्हणून तिने तोंड मिटून घेतलं आणि कानाने काम सुरू केलं. लिंक आली की उघडून ठेवायची. थोडा वेळ जाऊ द्यायची. मग फोन करायची. मागचा आवाज मोकळा झाला की गाडी पुलावर आली. घुमायला लागला की भुयारी रस्ता. यंत्रं करकरली की दगडवाल्यांचा रस्ता, फरश्या कापतात तो. ठकीचा श्वास लागला की जिना चढतेय, म्हणजे पोचली. “पूल ओलांडलास ना? दिसतंय मला,” असं ती ठणकावून सांगायची, आणि पलीकडून “हो गं बाई, हो” यायचं.

हे खोटं होतं का? मावशीच्या हिशेबी नव्हतं. जन्मभर बोर्डावर तिने कुणाला डोळ्यांनी पाहिलं होतं? तरी कधी कुणाची लाइन चुकली नव्हती. कान शाबूत आहेत तोवर राखण शाबूत आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. समजूत घट्ट होती, पण रात्री पाठ टेकली की सैल व्हायची. एकदा पोहणाऱ्या पोरीने फोन उचलला नाही. पाण्यात होती, झालं काहीच नाही. पण त्या वेळात मावशी ते धुरकट काचेचं चौकोनी खेळणं डोळ्यांपाशी धरून घरभर फिरली होती. त्या आठवड्यात तिने गुपचूप डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली. चोरून उपचार करायचे, चोरून बरं व्हायचं, आणि कुणाला कळायच्या आत पुन्हा खुर्चीत. असा बेत होता.

वेळ सकाळची मिळाली. ठकी कामाला गेल्यावर मावशी चालत दवाखान्यात गेली. लांब होता, पण रस्ता पायाखालचा. तिथे तिच्या डोळ्यांत थेंब घातले, डोळे मिटून बसवलं, पुन्हा थेंब घातले. डॉक्टर तरुण होती. म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, चांगला पिकलाय, इतके दिवस काय करत होतात? मावशी म्हणाली, काम करत होते.

“थेंबांमुळे दुपारपर्यंत काही नीट दिसणार नाही. बरोबर कोण आहे?”

“भाची आहे. खाली गाडी लावतेय,” मावशीने ठोकून दिलं.

खाली उतरली आणि दारातच थबकली. ऊन डोळ्यांत घुसलं. रस्ता, माणसं, दुकानं, सगळं एकाच पांढऱ्या पिठात कालवलेलं. चालत जायची सोय उरली नाही. ठकीला बोलवावं, तर पितळ उघडं. मावशीने शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन पुढे केला. ज्या बाईने सगळ्या इमारतीला बजावलं होतं, की परक्याच्या हातात आपला फोन द्यायचा नाही, तिने. दुकानदार भला माणूस होता. त्याने पत्ता विचारून गाडी बोलावून दिली, नंबर वाचून दाखवला, आणि त्याला गिऱ्हाईक आलं.

एक गाडी येऊन थांबली. काच खाली झाल्याचा आवाज झाला.

“या मावशी, बसा.”

आता इथे विचारायचं होतं. कुणाला न्यायला आलात? एवढंच. पण विचारलं असतं तर पुढे पाटीचा नंबर बघावा लागला असता, आणि तो बघता येत नाही हे मावशीला आज स्वतःलासुद्धा ऐकायचं नव्हतं. लाजेने माणूस काय काय करतो! चांगली शहाणीसुरती बाई, गपचूप दार चाचपून मागच्या सीटवर जाऊन बसली.

“कुठे सोडू?” ड्रायव्हरने विचारलं.

मावशीने पत्ता सांगितला. पुलाच्या पुढे, अमुक इमारत, आणि जिभेला हाड नसल्यासारखं वर जोडलं, दुसरा मजला. तेवढ्यात गाडी निघालीसुद्धा.

“घरी कोण असतं मावशी?”

“भाची. ती संध्याकाळी येते.”

“डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का?”

“नाही, थेंब घातलेत. दिसत नाही नीट.”

“अरेरे,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “बांगड्या जपा हो. सोन्याच्या आहेत ना?”

त्या ‘अरेरे’ने मावशी जागी झाली. आयुष्यभर तिने अरेरे ऐकले होते. खरे, खोटे, कामापुरते. हा अरेरे बोलताना माणूस मनात दुसरंच काहीतरी मोजत होता. एकेक गोष्ट उलट्या क्रमाने आठवायला लागली. याने आपल्याला चार आकडे मागितले नाहीत. पत्ता विचारला, तो त्याला ठाऊक असायला हवा होता. याने आपलं नावसुद्धा घेतलं नाही.

तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला. मूठ हलली, दार हललं नाही.

आणि फोन वाजला. “मॅडम, मी दवाखान्याच्या दारात उभा आहे,” एक कंटाळलेला आवाज म्हणाला. “कुठे आहात तुम्ही?”

म्हणजे खरी गाडी तिथे उभी होती, आणि मावशी इथे. पण आवाज तिचा होता, बोर्डावरचा, तो जागचा हलला नाही. “हो गं, बसले गाडीत,” ती म्हणाली.

“ऑं? अहो, मी गाडीवाला बोलतोय!”

“हो, हो. निघाले. तू काळजी करू नकोस.”

“काय माणसं असतात,” असं म्हणून खऱ्या गाडीवाल्याने फोन ठेवला, आणि त्याचं काही चुकलं नाही.

“भाची का?” पुढून प्रश्न आला.

“हो.”

“बरं. वाटेत माझ्या एका मित्राला घ्यायचंय. इथे गोदामांच्या मागे. पाच मिनिटं.”

मावशीने फोन डोळ्यांपाशी धरला. फोनच्या काचेवर तिला काहीच दिसत नव्हतं. धोक्याची सूचना देणारं बटण कुठे असतं हे तिने चार बायकांना शिकवलं होतं, पण ते दिसलं तर दाबायचं. आकड्यांचं तसं नव्हतं. एक कुठे, पाच कुठे, शून्य कुठे, ते तिच्या अंगठ्याला जन्मापासून पाठ. तिने ठकीचा नंबर काच न बघता दाबला. मनात म्हणाली, ठके, उचल. पेशंटचा पाय हातात असेल तर टाक खाली, पण उचल.

ठकीने उचलला. “मावशी, मी कामात...”

“ठके, फोन ठेवू नकोस. मी गाडीत आहे. चुकीच्या गाडीत बसलेय. दार आतून उघडत नाही.” मोठ्याने, ठणठणीत. ड्रायव्हरची मान वळल्याचं तिला सीटच्या कुरकुरीवरून कळलं.

ठकीचा आवाज पहिल्यांदा फाटला, मग सावरला. “लोकेशन पाठव.”

“येत नाही.”

“अगं, ते वरचं निळं बटण, तू मला शिकवलंस...”

“ठके, मला दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे? बाहेर बघ ना, काय आहे? पाटी वाच एखादी.”

“डोळ्यांना दिसत नाही गं. काहीच.”

पलीकडे शांतता झाली. ही शांतता मावशीला पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिली. मग ठकी म्हणाली, आणि ती अगदी मावशीसारखं म्हणाली, “बरं. ऐकू काय येतंय?”

“दगड कापतायत. यंत्रं चाललीत. डाव्या हाताला.”

“डाव्या? नक्की डाव्या?”

“कान माझे आहेत, ठके.”

“घराकडे येताना दगडवाले उजव्या हाताला लागतात. म्हणजे तू गोदामांकडे चाललीयेस. घर उलटीकडे राहिलं. स्पीकर लाव.”

मावशीने फोन उपडा करून नुसता पुढे धरला. स्पीकरचं बटण कुठलं दिसायला? पण ठकी इतकी ओरडली, की गरज पडली नाही. “अहो दादा! दगडवाल्यांचा रस्ता संपतोय, पुढे पेट्रोल पंप आहे. तिथे माझ्या मावशीला उतरवा. पंपावर माझी माणसं उभी आहेत, आणि पोलिसांना दुसऱ्या फोनवरून कळवलंय. दोन्हीकडे ऐकू जातंय, काय बोलायचं ते बोला!”

पंपावर कुणी उभं नव्हतं. पोलिसांना पेशंटची सून त्या क्षणी फोन लावत होती आणि तिला लाइन मिळत नव्हती. पण दगडवाल्यांचा रस्ता खरा होता, आणि पंपही खरा होता. आपण कुठे आहोत हे कुणाला तरी ठाऊक आहे, हे ड्रायव्हरला ऐकू गेलं.

“मी तर शॉर्टकटने नेत होतो,” तो पुटपुटला. “चांगलं करायला जावं तर...” गाडी थांबली, कुठूनतरी खट् आवाज झाला, दार उघडलं. मावशी उतरली न उतरली तोच गाडी गेली.

हवा भरणाऱ्या माणसाने तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं. तिथे तिला ठकी येऊन मिळाली. ठकीने आधी तिचे हात बघितले, बांगड्या नव्हेत, हात. दंड दाबून बघितले, जसे ती पेशंटचे बघते. मग गळ्यात पडून रडली. मावशीही रडली. थेंबांनी आधीच डोळे वाहत होते, त्यामुळे तिचं रडणं नेमकं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

चौकीतल्या हवालदाराने विचारलं, “गाडीचा नंबर?”

“दिसला नाही.”

“रंग?”

“पांढरी असावी. मला आज सगळंच पांढरं दिसतंय.”

“माणूस कसा होता?”

“चाळिशीच्या आतला. विडी ओढणारा. वाक्याच्या शेवटी श्वास गिळतो. पुन्हा ऐकला तर हजारात ओळखीन.”

हवालदार लिहिता लिहिता थांबला. आवाजाचं काय करायचं ते त्याला कळेना. तो माणूस पुढे सापडला नाही. तो चोर होता की नुसताच बिनपरवान्याची गाडी फिरवणारा, मित्र खरा होता की खोटा, हेही कधी कळलं नाही. ज्यांना गोष्टीत चोर पकडलेला लागतो, त्यांनी दुसरीकडे बघावं.

घरी आल्यावर ठकीने दार लावलं आणि पाठ टेकून तिथेच उभी राहिली.

“कधीपासून दिसत नाही?”

मावशीने सांगितलं.

“मग पूल ओलांडलास ना, दिसतंय मला, असं म्हणायचीस ते?”

“पुलावर आवाज मोकळा होतो.”

“आणि ठिपका?”

“ठिपका नव्हता दिसत.”

ठकी आरडाओरडा करेल म्हणून मावशी तयारीत बसली होती. ठकीने तो केला नाही. ती सावकाश म्हणाली, “गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे सारखं बघत रस्ता बदलला होता. मी तुला काही बोलले नाही. म्हटलं, मावशी बघतेय. मी अगदी आरामात बसून होते गं. म्हटलं, एक मिनिट जरी गाडी चुकीची गेली, तर मावशीचा फोन येईल.” तिने चप्पल काढली, ती नीट जागेवर ठेवली. “म्हणजे इतके दिवस मी गाडीत एकटीच होते.”

मावशीला खूप काही म्हणायचं होतं. कानांचं, बोर्डाचं, खुर्चीचं. त्यातलं एकही वाक्य तिच्या स्वतःच्या कानाला खरं लागेना. “हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या बाईंना आणि दातवालीला बोलावून, काही न लपवता सांगून टाकलं. दातवालीने हसून घेतलं, “अहो, माझ्या पेशंटना तरी कुठे दिसतं मी काय करते ते!” म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचा ठिपका यायचा बंद झाला. शाळेतल्या बाई हसल्या नाहीत. “माझी पोर आहे ती, मावशी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दुसरं काही केलं असतं. तुम्ही हो म्हणालात.” त्या उठून गेल्या. मावशीने त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. तिला राग आला नाही. बाईंच्या जागी ती असती तर यापेक्षा वाईट बोलली असती.

ठकीनेही लिंक पाठवणं बंद केलं. घरात बोलायची, जेवायला वाढायची, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बरोबर यायची. ठिपका मात्र आता दातवालीकडे जायचा. दुपारी मावशी सवयीने खिडकीपाशी बसायची. उशी मांडीवर, फोन उशीवर, फोन गप्प. इस्पितळातला बोर्ड काढला तेव्हा तिला अपमान वाटला होता. आता तसं नव्हतं. आता ती मनाने ठकीच्या गाडीत बसून पाहत होती. मागे, दुसऱ्या बाजूला, एकटी, आरशातल्या डोळ्यांसमोर, आणि ‘मावशी बघतेय’ असं मनाशी म्हणत. रोज दुपारी ती तसं बसून पाहायची. ते सहन होत नसे, तरी पाहायची.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. तरुण डॉक्टरने वाचायला लावलेली सगळ्यात खालची ओळसुद्धा मावशीने घडाघड वाचली, आणि घरी येऊन भिंती किती मळल्यात ते बघून हादरली. ठकीला म्हणाली, “रंग काढायला हवा गं.” ठकी “बघू” म्हणाली.

पुढे काही दिवसांनी, दुपारी, उशीवरचा फोन टिंग करून वाजला.

मावशीने तो उचलला. लिंक होती. उघडली. नकाशा उलगडला, गल्ल्या, चौक, पुलाची बारीक रेघ, आणि त्या सगळ्यात एक ठिपका. ठिपका कसला, वरून काढलेली चिमुकली गाडी होती ती, तोंड पुढे केलेली. इतके दिवस ती ठिपका म्हणत आलेली गोष्ट गाडी होती. मावशीने फोन दोन्ही हातांनी धरला.

तो हातातच वाजला. ठकी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“सांग. मी कुठे आहे?”

मावशीने काचेवर बोट ठेवलं. “दगडवाल्यांच्या चौकात. सिग्नलला थांबलीयेस.”

“आता?”

“निघालीस. उजवीकडे वळलीस. पुलाकडे येतेयस.”

पलीकडे थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज येत होता. मग तो मोकळा झाला, पुलावर होतो तसा. मावशीने तो ऐकला, पण त्याच्यावर विसंबली नाही. तिने बघितलं. गाडी पुलाच्या रेघेवर होती.

“बरोबर,” ठकी म्हणाली. “फोन ठेवू नकोस.”

मावशीने ठेवला नाही.